कंटाळा आणि किल्ल्यातली बाग

‘उद्यापासून नक्की’ असे व्यायामाबद्दल कधीच न म्हणालेला नोकरदार माझ्या तरी पाहण्यात नाही. मी नगरला बँकेत होतो तेव्हा मार्चअखेरीला घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजत. एकदा चपला काढल्या की फिरायला जाण्यासाठी त्या पुन्हा घालायच्या, ही कल्पनाच सहन होत नसे. दिवसभर खुर्चीत बसून राहिलेला माणूस इतका दमतो कशाने? हा प्रश्न मनात आला की मला आमच्या भुईकोट किल्ल्यातला एक कैदी आठवतो.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत पंडित जवाहरलाल नेहरूंना अटक झाली आणि खास गाडीने त्यांना नगरला आणले गेले. वय बावन्न. सोबत मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशी मंडळी. सुटका कधी होणार, कोणालाच ठाऊक नव्हते. सुरुवातीला वर्तमानपत्र नाही, घरचे पत्र नाही. आपल्या थकव्याला निदान रविवार असतो. तिथे सगळे वार सारखेच.

हा माणूस अलाहाबादच्या श्रीमंत वकिलाच्या घरात वाढलेला. घरी पोहण्याचा तलाव, बसायला घोडा. सहा-सात वर्षांचा असताना स्वारी पडली आणि तट्टू एकटेच घरी परतले. घरी टेनिसची मंडळी जमली होती. वडील मोतीलाल त्या सगळ्यांना घेऊन, मिळतील त्या वाहनांनी शोधायला निघाले. वाटेत चिरंजीव भेटले आणि पडल्याबद्दल त्यांचे कौतुकच झाले! पुढे हॅरो, केंब्रिज, बॅरिस्टरी आणि मग गांधीजी. ऐषाराम सुटला, पण शरीर हलते ठेवण्याची सवय मात्र सुटली नाही. १९३० साली नैनी तुरुंगात ते रोज काही तास सूत कातत, निवार विणत. शीर्षासन तर खास आवडीचे. आत्मचरित्रात त्याचे शारीरिक फायदे त्यांनी सांगितले आहेतच. पण उलटे उभे राहण्यातल्या गमतीमुळे मन प्रसन्न होते आणि आयुष्याचा लहरीपणा सोसणे सोपे जाते, हे त्यांना जास्त मोलाचे वाटे. व्यायामाकडे असे हसत पाहणारे लोक थोडेच. आपल्याकडे तो औषधासारखा नाक दाबून घेतात.

नगरच्या किल्ल्यात मात्र मन लागेना. बाहेर बंगालमध्ये १९४३ चा दुष्काळ माणसे गिळत होता. बहिणीचे यजमान रणजित सीताराम पंडित, राजतरंगिणीचा इंग्रजी अनुवाद करणारे मराठी विद्वान, हेही तुरुंगात गेले. तिथे प्रकृती ढासळली आणि सुटकेनंतर जानेवारी १९४४ मध्ये ते वारले. वाचन चालू होते, पण नवे पुस्तक लिहायला हात धजत नव्हता. त्या काळात नेहरूंनी जमीन खणायला घेतली. जमीन तरी कसली! आपल्या नगरची मुरमाड, त्यात जुन्या बांधकामांचा दगडचुरा आणि पडक्या इमारतींचे अवशेष. ऊन तापलेले असतानाही ते तासन्‌तास फुलझाडांचे वाफे तयार करीत.

उत्साह आला म्हणून त्यांनी खणायला घेतले, असे मला वाटत नाही. तो यायची वाट पाहिली असती तर ते खोलीतच बसून राहिले असते. रोज करायला एक ठरलेले, हाताच्या आवाक्यातले काम होते. आज एवढा वाफा, उद्या पुढचा. वजन घटवायचे नव्हते की कोणाला दाखवायचे नव्हते. आमच्यासारख्यांचे घोडे नेमके इथेच अडते. आम्ही एकदम पहाटे पाचला उठून पाच मैल चालायचे ठरवतो, आणि तिसऱ्या दिवशी पाऊस येतो.

एप्रिल १९४४ मध्ये त्यांनी लेखणी उचलली. पाच महिन्यांत हाताने लिहिलेली सुमारे हजार पाने झाली. तेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’. त्याच्या आरंभीच्या पानांत नगरचा किल्ला आहे, चांदबिबी आहे आणि ही खणलेली मातीही आहे. पंतप्रधान झाल्यावर रात्री उशिरापर्यंत फायली चालत, तरी सकाळची आसने त्यांनी सोडली नाहीत.

मार्च १९४५ मध्ये त्यांना नगरहून उत्तरेकडच्या तुरुंगात हलवले आणि १५ जूनला अल्मोड्याहून सुटका झाली. वाफे इथेच राहिले.