विल्यम रॅम्झे

विल्यम रॅम्झे यांचा जन्म इ. स. १८५२ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो नगरीत झाला. काच फुंकून नळ्या व फुगे घडविण्याची कला त्यांनी तरुणपणीच हस्तगत केली होती. पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

हवेचे सर्व प्रमुख घटक ज्ञात झाले आहेत, असाच त्या काळी समज होता. परंतु लॉर्ड रॅले यांना एक विसंगती आढळली. हवेतून काढलेला नत्रवायू रासायनिक पदार्थांपासून मिळविलेल्या नत्रवायूहून लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम जड भरे! एवढासा फरक दुसऱ्या कोणी तराजूची चूक म्हणून सोडून दिला असता. रॅम्झे यांनी हवेतील नत्रवायू तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुनःपुन्हा जाऊ दिला. मॅग्नेशियमने तो शोषून घेतला, तरी थोडासा वायू मागे उरलाच. तो कशाशीही संयोग पावेना. जो कोणाशीच संबंध जोडत नाही, त्याची ओळख पटवावी तरी कशी? रॅम्झे यांनी त्याचा वर्णपट पाहिला. त्यातील रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याच्या नव्हत्या! १८९४ साली रॅले व रॅम्झे यांनी हा शोध जाहीर केला. आळशी अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्या वायूला आरगॉन हे नाव मिळाले. हा नत्रवायूचाच निराळा प्रकार असावा, अशी शंका मेंडेलीव्ह यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानेही घेतली. रॅम्झे मात्र डगमगले नाहीत. तोवर केवळ सूर्याच्या वर्णपटात दिसलेला हेलियम १८९५ मध्ये त्यांना एका खनिजात सापडला. १८९८ साली ट्रॅव्हर्स यांच्यासह त्यांनी द्रवरूप हवेतून क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन वेगळे केले. या वायूंना आपण राजवायू म्हणतो.

मुंबईचे जमशेटजी टाटा यांनी विज्ञानसंस्था स्थापण्याचे योजिले, तेव्हा सल्ला देण्यासाठी १९०० साली रॅम्झे हिंदुस्थानात आले. त्यांनी बंगळूर हे स्थान सुचविले. ट्रॅव्हर्स त्या संस्थेचे पहिले संचालक झाले. १९०४ मध्ये रॅम्झे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९१६ साली त्यांचे निधन झाले.

राजवायू अगदीच एकलकोंडे नाहीत, असे पुढील संशोधकांना दिसून आले. दाबाखालील आरगॉन बारीक छिद्रातून निर्वात पोकळीत सोडला, की तो अतिशय थंड होतो आणि त्याचे अणू एकमेकांना चिकटून लहान पुंजके बनतात. हे बंधन फारच दुबळे असते. पुंजक्यातील एक इलेक्ट्रॉन निघून गेला, तर दोन-तीन अणू तो विद्युतभार वाटून घेऊन एकमेकांस घट्ट धरतात. त्या वेळी निर्माण होणाऱ्या उष्णतेने उरलेले अणू एकेक करून सुटून जातात. अनेक इलेक्ट्रॉन एकदम गेले, तर समान भारांच्या प्रतिकर्षणाने सारा पुंजकाच फुटतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी प्रखर लेसर किरणांच्या साहाय्याने असे स्फोट अभ्यासले आहेत.