नामपल्लीच्या घरातील सरोजिनीदेवी

हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनातून बाहेर पडून आबिड्सकडे निघाले, की दुकानांच्या गर्दीत एक जुनी वास्तू लागते. तिचे नाव ‘गोल्डन थ्रेशोल्ड’. हे सरोजिनीदेवी नायडू यांचे घर. त्यांच्या 1905 मधील पहिल्या काव्यसंग्रहाचेच नाव या घराला मिळाले. कवयित्री म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण या नगराची त्यांनी केलेली सेवा मात्र सहसा आठवत नाही.

सरोजिनीदेवींचा जन्म 13 फेब्रुवारी 1879 रोजी हैदराबादेत झाला. वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे पुढे निजाम कॉलेज म्हणून नावारूपाला आलेल्या कॉलेजचे पहिले प्राचार्य. चांदा रेल्वेच्या योजनेविरुद्ध आवाज उठविल्याबद्दल 1883 मध्ये त्यांना संस्थानाबाहेर जावे लागले होते. सार्वजनिक प्रश्नांची आस्था अशी घरातच होती. इंग्लंडमधील शिक्षणानंतर 1898 मध्ये सरोजिनीदेवींनी डॉ. गोविंदराजुलू नायडू यांच्याशी आंतरजातीय विवाह केला.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे दगावली, वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या. पडद्यात राहणाऱ्या निराधार स्त्रियांपर्यंत मदत पोचवायची, तर स्त्रियांनीच पुढे होणे भाग होते. सरोजिनीदेवी आणि अमीना हैदरी यांच्यासारख्या स्त्रिया या कार्यात उतरल्या. सरोजिनीदेवींना कैसर-इ-हिंद पदक मिळाले. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर त्यांनी ते सरकारला परत केले.

पुराने शहरालाही धडा दिला. 1912 मध्ये नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. 1920 मध्ये उस्मानसागर व 1927 मध्ये हिमायतसागर हे तलाव पूर्ण झाले. इकडे सरोजिनीदेवींचे कार्यक्षेत्र देशभर विस्तारले होते. 1917 मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या शिष्टमंडळ घेऊन भारतमंत्र्यांना भेटल्या. 1930 मध्ये त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. उत्तर प्रदेशच्या राज्यपालपदी असताना 2 मार्च 1949 रोजी लखनौ येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात कन्या पद्मजादेवींनी नामपल्लीचे घर विकले नाही. ते हैदराबाद विद्यापीठाला दिले. 1974 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा आरंभ याच वास्तूत झाला. शहरातल्या कितीतरी जुन्या हवेल्या आज नावापुरत्याही उरल्या नाहीत. हे घर मात्र उभे आहे, कारण ते विद्यार्थ्यांच्या हाती सोपविले गेले. ते जपण्याची जबाबदारीही मग आपल्यावरच येत नाही काय?