किपलिंगच्या तीन पायऱ्या

अजिंठ्याला येणारा माणूस पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपाशी रेंगाळतो आणि सव्विसाव्यातल्या महापरिनिर्वाणापाशी जाऊन थांबतो. वाटेतल्या चोविसाव्या लेण्यात तो फारसा शिरत नाही. तिथे पाहण्यासारखी चित्रे नाहीत. आहेत ते अर्धवट घडवलेले खांब आणि छिन्नीचे घाव. मला मात्र हे अपुरे लेणे प्रिय आहे. रुडयार्ड किपलिंग नावाचे कोडे मला थोडेफार उलगडले ते इथेच.

किपलिंगचा आणि अजिंठ्याचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे, पण तो आडवाटेचा. मी या गावात चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर जॉन ग्रिफिथ्स यांच्याविषयी माहिती जमवू लागलो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी इथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या पुष्कळशा १८८५ साली लंडनच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्याप्रमाणेच १८६५ साली त्या शाळेत शिकवायला आलेले दुसरे गृहस्थ म्हणजे जॉन लॉकवुड किपलिंग. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची शिल्पे त्यांची. त्याच वर्षी ३० डिसेंबरला त्यांना मुलगा झाला, तो रुडयार्ड. बापाचा माग काढता काढता मी मुलाच्या नादी लागलो.

या मुलाला लहानपणी इंग्रजीपेक्षा नोकरचाकरांची हिंदुस्थानी जवळची होती. पाचव्या वर्षी त्याला विलायतेत परक्या घरी ठेवले गेले. तिथे त्याचे फार हाल झाले. सोळा वर्षांचा होऊन तो १८८२ साली परतला आणि लाहोरच्या एका इंग्रजी दैनिकात कामाला लागला. वडील तेव्हा तिथल्या वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख होते.

लाहोरच्या 'होप अँड पर्सिव्हिरन्स' या फ्रीमेसन लॉजमधल्या त्याच्या तीन तारखा मी वहीत उतरवून घेतल्या : ५ एप्रिल, ३ मे आणि ६ डिसेंबर १८८६. पुढे शेरा, तिसरी डिग्री. आमच्या शाळेत थर्ड क्लास म्हणजे काठावर पास! शिवाय मेसन मंडळींत तेहतीस डिग्र्या असतात असे ऐकून होतो. तेव्हा तीनवर थांबलेला हा गडी कच्चाच, असे मी ठरवून टाकले.

माझा हा गैरसमज मुंबईच्या एका वृद्ध मेसननी दूर केला. मेसन म्हणजे गवंडी, पाथरवट. जुन्या युरोपातल्या गवंड्यांच्या संघातल्या पायऱ्याच या मंडळींनी उचलल्या. पहिली पायरी शिकाऊ उमेदवाराची. त्याच्या हाती गज, हातोडा आणि छिन्नी. घडवायचा दगड म्हणजे तो स्वतः. दुसरी कारागिराची. तिथे गुण्या, पाणसळ आणि ओळंबा येतात. माणसे एका पातळीत धरावीत, वागणे ओळंब्यात असावे, हा त्यांचा अर्थ. तिसरी उस्तादाची. त्या विधीत सॉलोमनच्या मंदिराचा शिल्पी हिराम याच्या खुनाची कथा असते, आणि उमेदवाराला जणू मृत्यूतून उठवले जाते. नोंदीतल्या 'रेज्ड' या शब्दाचा अर्थ मी बढती असा केला होता! तिसरी पायरी चढला की माणूस पुरता मेसन झाला. बाकीच्या डिग्र्या म्हणजे त्या घराला जोडलेल्या निराळ्या खोल्या.

हे ऐकताना मला आपले विहारच आठवले. तिथेही आधी प्रव्रज्या, मग उपसंपदा. उपसंपदेला वीस वर्षे पुरी लागत. लॉजमध्ये एकवीस लागत, पण किपलिंगने विशीत पाऊल टाकून तीनच महिने झाले होते. लॉजला चांगला सेक्रेटरी हवा होता म्हणून त्याला सवलत मिळाली. तिसऱ्या विधीची नोंद तर त्याच्याच हस्ताक्षरात आहे.

आपल्याला पहिली दीक्षा ब्राह्मो समाजाच्या हिंदूने दिली, दुसरी मुसलमानाने, तिसरी इंग्रजाने आणि दारावर पहारा ज्यू बांधवाचा होता, असे त्याने सांगितले आहे. हिंदी माणसाला असे दार सहज उघडले नव्हते. मुंबईत माणेकजी करसेटजी यांना नकार मिळाला, अखेर डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ साली हिंदी लोकांना घेणारे 'रायझिंग स्टार' लॉज निघाले. लाहोरची आठवण किपलिंगने पुढे 'मदर लॉज' या कवितेत ठेवली. कुणाची जात बाटू नये म्हणून तिथे पंगत मात्र बसत नसे, हेही त्याने त्यात नोंदवले आहे. तो चिमटा आपल्याला आहे, आणि तो सोसला पाहिजे.

मग हाच माणूस १८९९ साली गोऱ्यांच्या ओझ्याचे गाणे कसा गातो? १९२० साली जालियनवाला बागेच्या डायरसाठी जमवलेल्या निधीत दहा पौंड कसे देतो? लॉजच्या आत तो पाणसळ धरी. बाहेर पडताना ती दाराशीच ठेवत असावा.

१९१५ साली त्याचा एकुलता मुलगा लूसच्या लढाईत गेला. १९१७ पासून तो युद्धातील मृतांच्या दफनभूमींच्या आयोगावर काम करू लागला. हुद्दा आणि धर्म न पाहता सर्वांना सारखाच मान, हे त्या आयोगाचे तत्त्व होते. गवंड्याच्या मुलखातली हीच तर शिकवण! पण आशिया-आफ्रिकेतल्या हजारो सैनिकांना तो सारखा मान मिळालाच नाही, हे त्या आयोगाच्याच वारसांनी २०२१ साली कबूल करून माफी मागितली. किपलिंग १९३६ साली वारला.

चोविसाव्या लेण्यात मी अजूनही जातो. आराखडा तिथे विशाल आहे, काही खांबांवर नक्षी उतरली आहे, आणि बाकी सारा खडक तसाच ओबडधोबड. वर्षभरात तीन पायऱ्या चढलेला तो पोरगा मला तिथे दिसतो. विधीने त्याच्या हाती छिन्नी दिली, पण दगड घडवण्याचे काम जन्मभराचे होते. त्याने ते अर्ध्यावर सोडले. आपण आपले कुठवर आणले आहे, हे पाहण्यासाठी तरी त्या लेण्यात घटकाभर थांबावे.