श्रद्धेचा हसरा वकील

लंडनहून निघणाऱ्या ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाचा संपादक रॉबर्ट ब्लॅचफर्ड कट्टर निरीश्वरवादी होता. त्याच्या ‘मेरी इंग्लंड’ या समाजवादावरील स्वस्त पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या. गिरणीतला कामगार आणि कचेरीतला कारकून हा त्याचा हक्काचा वाचक. १९०३ साली त्याने ख्रिस्ती धर्माविरुद्ध लेखणी उचलली आणि त्याचबरोबर संपादकांच्या हातून क्वचितच घडते असे एक काम केले. आपल्या पत्राचे रकाने त्याने श्रद्धावंतांना उत्तरे देण्यासाठी मोकळे करून दिले. उत्तर द्यायला जे पुढे आले त्यांत तिशीला टेकलेला एक वृत्तपत्रलेखक होता. सहा फूट चार इंच उंची, वर्षागणिक वाढत जाणारा घेर, अंगावर झुलीसारखा झगा आणि हातात गुप्ती, ही त्याची पुढे सर्वांना परिचित झालेली मूर्ती. धर्मशास्त्राची पदवी तर राहोच, कसलीच पदवी त्याच्यापाशी नव्हती. त्याचे नाव गिल्बर्ट कीथ चेस्टर्टन.

ब्लॅचफर्डचे म्हणणे असे की, माणूस हा आनुवंशिकता व परिस्थिती यांनी घडविलेला असतो. तेव्हा त्याच्या पापाचा दोष त्याला देणे अन्यायाचे आहे. हेतू दयेचा होता यात शंका नाही. चेस्टर्टनने उत्तरादाखल बायबलातील वचने पुढे केली नाहीत. त्याने गलिच्छ वस्तीतल्या माणसांची बाजू घेतली. दारिद्र्यात माणूस चांगला राहूच शकत नाही असे म्हणणे हा त्या वस्तीत रोज इमानाने जगणाऱ्यांचा अपमान आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. शिवाय ज्याला दोष देता येत नाही, त्याला सुधारण्याची विनंती तरी कोणत्या तोंडाने करायची? हा धागा थोडा पुढे ओढला तर मजुरी कापणारा मालकही परिस्थितीचा गुलामच ठरतो. मग समाजवाद्याने रागवावे कोणावर? प्रतिपक्षाच्या घरात शिरून त्याच्याच चुलीवर आपला स्वयंपाक करण्याची ही रीत. धर्म हा खासगी देव्हाऱ्यात ठेवायचा विषय नसून चार लोकांत मांडायचा, आणि म्हणून चार लोकांत खोडून काढता येईल असा विषय आहे, हे चेस्टर्टनने या वादात प्रथम गृहीत धरले आणि अखेरपर्यंत सोडले नाही. याच ब्लॅचफर्डने पत्नीच्या निधनानंतर परलोकविद्येची कास धरली, हा काळाने केलेला विनोद म्हणावा लागेल.

चेस्टर्टनचा जन्म २९ मे १८७४ चा, लंडनच्या केन्सिंग्टन भागातला. घराण्याचा धंदा घरे व जागा यांच्या दलालीचा. घरात धर्माचे अवडंबर नव्हते. शिक्षण सेंट पॉल्स शाळेत आणि नंतर स्लेड चित्रकला शाळेत झाले. तारुण्यात त्याला घोर निराशेने ग्रासले होते, आणि त्यातून तो बाहेर आला तो जग आहे याचेच आश्चर्य करीत. त्याची सारी श्रद्धा या आश्चर्यातून उगवली आहे. १९०१ मध्ये त्याने फ्रान्सिस ब्लॉग हिच्याशी विवाह केला. ती अँग्लिकन पंथाची निष्ठावान उपासक होती. धर्माचे नियमित आचरण त्याला तिच्यामुळे जवळचे झाले. नवरा विसराळू, तर बायको व्यवस्थित. भलत्याच गावच्या स्टेशनावर उतरून, आपण खरे तर कुठे असायला हवे होते, अशी तार त्याने घरी केली, आणि तिने त्याला घरीच परत बोलाविले, ही कथा त्याने स्वतःच आत्मचरित्रात नोंदविली आहे.

मात्र या विसराळूपणाला फसून जाऊ नये. बोअर युद्धाच्या काळात साम्राज्याच्या जयजयकाराने इंग्लंड दुमदुमत असताना, त्याने बोअरांचा पक्ष घेतला. स्वतःच्या शेतावर स्वतःच्या रीतीने जगण्याचा हक्क लहान समाजालाही आहे, हे त्याचे सूत्र. तेच सूत्र त्याने सप्टेंबर १९०९ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मधील आपल्या साप्ताहिक लेखात हिंदुस्थानला लावले. हिंदी राष्ट्रवादी जे मागतात ते हिंदी नसून इंग्रजी आहे, पार्लमेंट आणि मतपेटी मागण्यापेक्षा त्यांनी स्वतःचे जुने जगणे परत मागितले असते तर त्या मागणीपुढे आपण निरुत्तर झालो असतो, असा त्या लेखाचा रोख होता. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचे गाऱ्हाणे घेऊन गांधीजी तेव्हा लंडनमध्येच होते. त्या ऑक्टोबरातील विजयादशमीच्या समारंभात ते आणि सावरकर एकाच व्यासपीठावर आले. चेस्टर्टनचा लेख गांधीजींच्या मनात भरला व त्यांनी तो ‘इंडियन ओपिनियन’च्या वाचकांपुढे मांडला. नोव्हेंबरात परतीच्या बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. त्या पुस्तकाचे श्रेय एका लेखाला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण इंग्रजाविना इंग्रजी राज्य नको, हा त्यातील विचार वाचताना लंडनच्या त्या लठ्ठ लेखकाची आठवण होते खरी.

चेस्टर्टनवर सर्वांत जास्त वेळा झालेला आरोप थिल्लरपणाचा. पूर्वाश्रमीचा फ्रान्सिस्कन संन्यासी आणि नंतरचा कडवा बुद्धिवादी जोसेफ मॅक्केब याने तो जाहीरपणे केला: इतक्या गंभीर विषयावर हा माणूस कोट्या काय करतो? ‘हेरेटिक्स’ (१९०५) या ग्रंथात चेस्टर्टनने त्याला उत्तर दिले. विनोद आणि गांभीर्य यांत वैर नाही. माणूस एखादी गोष्ट हसत सांगतो की कपाळाला आठ्या घालून, यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही, हा त्याचा मुद्दा आजही बिनतोड आहे. गंभीर मुद्रेने खोटे बोलणारे मंत्री आणि धर्मगुरू त्याने पुष्कळ पाहिले होते. या ग्रंथावर, इतरांचे दोष काढता, पण तुमचे स्वतःचे तत्त्वज्ञान कोणते, असा टोला एका समीक्षकाने मारला. तो त्याने खिलाडूपणे स्वीकारला आणि १९०८ मध्ये ‘ऑर्थोडॉक्सी’ लिहून आपले पत्ते उघडे केले.

जॉर्ज बर्नार्ड शॉ आणि चेस्टर्टन ही जोडी तर इंग्लंडच्या सार्वजनिक जीवनाचे भूषण होती. एक काटकुळा, शाकाहारी, मद्याला न शिवणारा. दुसरा अगडबंब आणि बिअरचा भोक्ता. दोघांच्या तोंडी घातलेल्या अनेक कोट्या प्रचलित आहेत, त्यांतल्या कित्येकांना कागदोपत्री आधार नाही. चेस्टर्टनने १९०९ साली शॉवर पुस्तक लिहिले. मित्राची खरडपट्टी काढतानाही त्याचा मोठेपणा न लपविणारे ते पुस्तक आहे. ऑक्टोबर १९२७ मध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये दोघांचा जाहीर वाद झाला, अध्यक्षस्थानी हिलरी बेलॉक होता आणि बीबीसीने तो ध्वनिक्षेपित केला. विषय होता संपत्तीचा. शॉला उत्पन्नाची समान वाटणी हवी होती. चेस्टर्टनला उत्पन्न देणारी साधनेच, म्हणजे जमीन, हत्यारे, दुकान, जास्तीत जास्त कुटुंबांच्या हाती हवी होती. सारी मालमत्ता मूठभर भांडवलदारांकडे असली काय आणि सरकारकडे असली काय, सामान्य माणूस नोकरच राहतो, असे त्याचे निदान होते.

हा वितरणवाद अर्थशास्त्राच्या कसोटीवर पुरता उतरत नाही. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे फायदे त्याने कधी नीट मोजले नाहीत, आणि लहान मालक पुन्हा कर्जबाजारी होऊन मोठ्याच्या घशात जाऊ नये यासाठी काय करायचे, यावरही त्याची उत्तरे तोकडीच आहेत. १९२५ साली काढलेले ‘जी.केज वीकली’ हे त्याचे पत्र तोट्यात चाले, आणि फादर ब्राउन या धर्मगुरूच्या रहस्यकथांच्या कमाईतून तो ती भर घाली. पण अर्थशास्त्रात जे क्वचित आढळते ते त्याच्यापाशी होते: हिशेब कोठून सुरू करायचा याचे भान. १९१० च्या एका ग्रंथाच्या शेवटी त्याने गरीब मुलींच्या केसांचा प्रश्न घेतला. उवा होतात म्हणून झोपडीतल्या मुलींचे केस कापावेत, असा डॉक्टरांचा व्यवहारी सल्ला होता. चेस्टर्टनने हिशेब उलटा मांडला. मुलीचे केस ही अढळ गोष्ट धरा. केस स्वच्छ राहायला घर हवे, आईला सवड हवी, सवडीसाठी घरमालकाचा जाच कमी हवा, आणि त्यासाठी जमिनीची वाटणी बदलावी लागत असेल तर ती बदला. बाकी सारे मोडले तरी चालेल, केसाला धक्का लागता कामा नये. हसत हसत सुरू झालेला हा मजकूर वाचकाला क्रांतीच्या उंबरठ्यावर नेऊन सोडतो, आणि त्याच्या मुळाशी प्रत्येक जीव ईश्वराची प्रतिमा आहे ही निखळ धार्मिक कल्पना आहे.

या कल्पनेची खरी परीक्षा सुप्रजननशास्त्राच्या प्रश्नावर झाली. १९१२ मध्ये या शास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद लंडनला भरली. डार्विनचा मुलगा लिओनार्ड अध्यक्ष होता, आणि उपाध्यक्षांत विन्स्टन चर्चिलचे नाव होते. दुर्बल मनाच्या माणसांची पैदास रोखावी, हे तेव्हा पुरोगामी मत समजले जाई. शास्त्रज्ञ, सुधारक आणि काही धर्मगुरूही त्या बाजूचे होते. सेंट पॉल कॅथीड्रलचा डीन इंग त्यांतलाच. अशा माणसांना संस्थांत डांबण्याचा अधिकार देणारा कायदा १९१३ मध्ये झाला आणि १९५९ पर्यंत टिकला. चेस्टर्टनने त्याविरुद्ध जे लिहिले ते १९२२ मध्ये पुस्तकरूपाने आले. दुर्बल मन कशाला म्हणायचे याची व्याख्या इतकी सैल आहे की तिच्यात कोणताही गरीब अडकेल, हा त्याचा पहिला घाव. दुसरा अधिक खोल होता: आधी मजुरी इतकी कमी द्यायची की माणूस खंगून जावा, आणि मग खंगलेल्या माणसाला मुले का होतात म्हणून चिंता करायची. हा विज्ञानाला विरोध नव्हता. विज्ञानाच्या नावाने श्रीमंतांनी मांडलेल्या हिशेबाला विरोध होता. जर्मनीत पुढे काय घडले हे माहीत असलेल्यांना आज हे सोपे वाटते. तेव्हा ते हास्यास्पद ठरण्याचा धोका पत्करून लिहावे लागे.

म्हणूनच ज्यूंविषयीचे त्याचे लिखाण अधिक खुपते. १९१२-१३ च्या मार्कोनी भागव्यवहाराच्या प्रकरणात त्याचा भाऊ सेसिल याने मंत्र्यांवर व त्यांच्या आप्तांवर आरोप केले. अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्याला १०० पौंड दंड झाला. १९१८ मध्ये सेसिल फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात वारला. त्या प्रकरणाचा कडवटपणा गिल्बर्टच्या मनातून कधी गेला नाही. ज्यू हे इंग्रज होऊच शकत नाहीत, असे तो वारंवार सुचवीत राहिला. १९२० च्या ‘द न्यू जेरुसलेम’मध्ये तर, ज्यूंनी कोणतेही पद भूषवावे पण अरबी पोशाख घालून, अशी अर्धवट थट्टेची सूचना त्याने केली. शॉ, वेल्स, ब्लॅचफर्ड यांची त्याने थट्टा केली, तेव्हा ते समोर उभे होते आणि सव्याज परतफेड करीत होते. लंडनच्या ईस्ट एंडमधील निर्वासित ज्यू शिंप्यासाठी किंग्जवे हॉलमध्ये खुर्ची मांडलेली नव्हती. हिटलरने छळ सुरू केल्यावर चेस्टर्टनने त्याचा स्पष्ट धिक्कार केला, हेही नोंदविले पाहिजे. पण त्यामुळे आधीचे पुसले जात नाही. त्याला संतपद द्यावे यासाठीची प्रक्रिया सुरू करण्यास नॉर्दॅम्प्टनच्या बिशपने २०१९ मध्ये नकार दिला, आणि त्याच्या कारणांत ज्यूविरोधाचा हा प्रश्नही होता.

१९२२ च्या जुलैत बीकन्सफील्ड गावातील रेल्वे हॉटेलच्या एका पत्र्याच्या छपराखालील खोलीत त्याने कॅथलिक पंथाचा स्वीकार केला. वेल्सच्या जागतिक इतिहासाला उत्तर म्हणून १९२५ मध्ये त्याने ‘द एव्हरलास्टिंग मॅन’ लिहिले, सी. एस. ल्यूइस या तरुण नास्तिकावर त्याचा पुढे खोल परिणाम झाला. वेल्सशी स्नेह मात्र तुटला नाही. १९३१ मध्ये न्यूयॉर्कला त्याने क्लॅरन्स डॅरो या नामांकित नास्तिक वकिलाशी वाद केला, तेव्हा श्रोत्यांच्या मतदानात कौल त्याच्या बाजूने पडला. शेवटच्या काही वर्षांत बीबीसीवरील त्याची भाषणे घरोघर ऐकली जात. सुमारे ८० पुस्तके आणि हजारो लेख मागे ठेवून १४ जून १९३६ रोजी तो बीकन्सफील्ड येथे वारला.

दुसऱ्या दिवशी फ्रान्सिसला शॉचे पत्र आले. अठरा वर्षांनी वडील असलेला आपण मागे उरलो आहोत, हे त्याला निर्दय आणि हास्यास्पद वाटत होते. मूल नसलेल्या त्या विधवेला पैशाची काही अडचण असेल तर एका पोस्टकार्डावर नुसता आकडा लिहून पाठवावा, असे त्याने कळविले होते.