बोटांनी वाचलेला संदेश

नागपूरहून भंडारा जिल्ह्यातील तुमसर रोडपर्यंतचा लोहमार्ग १८८० साली खुला झाला. रुळांच्या कडेने तारांचे खांब उभे राहिले आणि गाडी येण्यापूर्वीच तिची वर्दी पुढच्या स्थानकाला मिळू लागली. पुढे खेड्यापाड्यांतही तारा येऊ लागल्या. तारवाला दारी दिसला, की घरातील माणसांच्या काळजात धस्स होई. कारण तार बहुधा आजारपणाची किंवा मृत्यूची वार्ता घेऊन येई. भारतात असे तारमार्ग प्रथम ज्यांनी घातले, ते विल्यम ओशॉनेसी हे मूळचे वैद्य होते.

ओशॉनेसी यांचा जन्म आयर्लंडमधील लिमरिक या गावी झाला. १८२९ साली त्यांनी एडिंबरो येथे वैद्यकाची पदवी मिळवली. दोनच वर्षांनी इंग्लंडमध्ये पटकीची साथ आली. या तरुण वैद्याने रोग्यांचे रक्त तपासले. रक्तातील पाणी व क्षार कमी होतात, ते रोग्याला परत दिले पाहिजेत, असे त्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी टॉमस लॅटा या वैद्याने क्षारयुक्त पाणी शिरेतून देऊन काही रोग्यांना मृत्यूच्या दारातून परत आणले. आज रुग्णालयात शिरेतून सलाइन देतात, त्या उपचाराचा आरंभ येथे आहे.

१८३३ साली ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आले. कलकत्त्याच्या वैद्यक महाविद्यालयात ते रसायनशास्त्र शिकवू लागले. विजेचे प्रयोग हा त्यांच्या आवडीचा विषय होता. तारेच्या एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू केला किंवा तोडला, की शेजारच्या वेटोळ्यात विजेचा क्षणिक झटका उत्पन्न होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली सिद्ध केले होते. असे झटके दूरवर पाठवून त्यांच्याकडून निरोप्याचे काम करून घ्यावे, असे ओशॉनेसी यांच्या मनाने घेतले.

१८३९ साली त्यांनी कलकत्त्याजवळच्या वनस्पती उद्यानात बांबू रोवले आणि त्यांवरून लोखंडी तार पुन्हा पुन्हा मागेपुढे नेली. तिची एकूण लांबी सुमारे २१ मैल भरली. विजेचे मंडल पूर्ण करण्यासाठी त्यांनी हुगळी नदीच्या पाण्याचाही उपयोग केला. परंतु पलीकडे पोहोचलेला झटका ओळखावा कसा? त्यांनी मनुष्याच्या बोटांनाच यंत्र बनवले. दोन्ही टोकांना बरोबरीने चालणारी घड्याळे ठेवली. तारेवर बोटे ठेवून बसलेल्या माणसाला सौम्य झिणझिणी जाणवली, की त्या क्षणी काटा कोठे आहे हे पाहून तो खूण ओळखी. अशा रीतीने बोटांनी संदेश वाचला गेला.

प्रयोग यशस्वी झाला. पण राज्यकर्त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. जवळजवळ एक तप तसेच गेले. ओशॉनेसी टांकसाळीत धातूंची पारख करण्याचे काम करू लागले. मात्र तारेचा ध्यास त्यांनी सोडला नाही. १८५० साली गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी त्यांना प्रयोगासाठी अनुमती दिली, तेव्हा ते सज्ज होते. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर हा मार्ग तयार झाला. तेथून पहिला संदेश पाठवण्याचे काम शिवचंद्र नंदी या त्यांच्या बंगाली साहाय्यकाने केले. टांकसाळीतील या हुशार कर्मचाऱ्याला ओशॉनेसी यांनी स्वतः शिकवून तयार केले होते.

विलायतेची नाजूक यंत्रे बंगालच्या दमट हवेत आणि वादळी पावसात टिकत नसत. म्हणून ओशॉनेसी यांनी साधे सूचक यंत्र तयार केले. बारीक तारेच्या वेटोळ्यात एक चुंबकसूची बसवलेली असे. प्रवाह एका दिशेने आला की ती डावीकडे वळे, उलट दिशेने आला की उजवीकडे. या दोन हालचालींवरून अक्षरे ओळखता येत. तारेऐवजी त्यांनी लोखंडाच्या जाड सळ्या वापरल्या. त्यामुळे माकडे लोंबकळली तरी त्या सहसा तुटत नसत.

१८५३ च्या नोव्हेंबरात कलकत्ता ते आग्रा या मार्गाचे काम सुरू झाले. सुमारे ८०० मैलांचा हा मार्ग पाच महिन्यांच्या आत पुरा झाला आणि २४ मार्च १८५४ रोजी त्यावरून पहिला संदेश गेला. त्याच वर्षी ग्वाल्हेर व इंदूर या वाटेने तारमार्ग मुंबईपर्यंत आला. १८५५ पासून सामान्य लोकांनाही तारा पाठवता येऊ लागल्या. पुढे सूचीची जागा मोर्स यंत्राने घेतली आणि तारमास्तर कट्ट-कडकट्ट या आवाजावरून संदेश लिहून घेऊ लागले.

या साधनाची दुसरी बाजूही लोकांना लवकरच दिसली. १८५७ च्या उठावात तारांच्या साहाय्याने इंग्रज सत्तेने आपल्या छावण्यांना वेळीच सावध केले. ही गोष्ट ओळखून उठाव करणाऱ्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या. ज्या तारेतून आजारी पुत्राचा निरोप आईला मिळू शकत होता, तीच तार परकीय सत्तेचा आधारही ठरली. तार कोणाच्या हाती आहे, यावर तिचा उपयोग अवलंबून होता.

ओशॉनेसी पुढे स्वदेशी परतले आणि १८८९ साली इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. भारतातील सार्वजनिक तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली. परंतु क्षणभर येणाऱ्या आणि थांबणाऱ्या विजेने संदेश नेण्याची रीत अजून चालू आहे. संगणकाच्या आतही असेच अगणित स्पंद अहोरात्र धावत असतात. बांबूंवर तार बांधून पलीकडच्या झिणझिणीची वाट पाहणाऱ्या या वैद्याने तिचा पाया आपल्या देशात घातला, आणि कोणी दखल घेत नसतानाही बारा वर्षे ते काम मनातून जाऊ दिले नाही.