गोविंदरावांची पेटी आणि आपली डावी-उजवी वायर

रात्रीचे दहा वाजले होते. कामोठ्यात मित्राच्या घरी आम्ही चौघं त्याच्या डिजिटल पियानोभोवती बसलो होतो. ‘संगीत मानापमान’मधल्या एका पदाची चाल पियानोवर रेकॉर्ड करून कॉलेजच्या स्पर्धेला पाठवायची होती. डेडलाइन रात्री बाराची! मित्राने झकास वाजवलं. हेडफोन लावले आणि चेहरेच पडले. सगळा पियानो डाव्या कानात, उजवा कान ठार बहिरा. आणि एंट्री तर स्टिरिओच हवी होती.

त्यात फॉर्ममधला एक रकाना रिकामा होता, मूळ संगीतकाराचं नाव. चौघंही गप्प. गेल्या वर्षी ‘मानापमान’वरचा नवा सिनेमा आम्ही बघितला होता, पण मूळ चाली कुणाच्या, हे एकालाही सांगता येईना. मोबाइलवर शोधल्यावर नाव मिळालं, गोविंदराव टेंबे. वायरचं काय झालं ते शेवटी सांगते. आधी हा माणूस भेटायला हवा, कारण कीबोर्ड आणि रेकॉर्डिंग या दोन्ही गोष्टी त्याच्या आयुष्यात आहेत.

गोविंदरावांचा जन्म 1881चा, वाढले कोल्हापुरात. तिथल्या देवल क्लबमध्ये मोठमोठे गवय्ये यायचे. त्या मैफली ऐकत या मुलाचा कान तयार झाला. हार्मोनियम, म्हणजे आपली पेटी, ते बरंचसं स्वतःच शिकले. पुढे भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसू लागले आणि बुवांकडूनच गाणं आत मुरवलं. अल्लादिया खाँसाहेबांची रीतसर तालीम नव्हती, तरी त्यांची गायकी ऐकून ऐकून बोटांत उतरवली. आज आपण व्हिडिओ मागे-पुढे करून शिकतो. तेव्हा मैफल एकदाच व्हायची, लक्षात राहिलं तेवढंच आपलं.

12 मार्च 1911 रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीचं ‘मानापमान’ रंगमंचावर आलं. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, भामिनी बालगंधर्वांची आणि चाली तिशीतल्या गोविंदरावांच्या. उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा बाज त्यांनी मराठी नाट्यपदांत आणला आणि नाटकाचं गाणंच बदललं. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. थोड्याच काळात गोविंदराव बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी उभी केली. जम बसलेला असताना नवीन काहीतरी सुरू करायचं धाडस त्यांच्यात होतं.

तसंच धाडस त्यांनी पन्नाशीत पुन्हा केलं. 1932 मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामती दुर्गा खोटे, तर राजा हरिश्चंद्र आणि संगीतकार दोन्ही गोविंदरावच! पार्श्वगायन तेव्हा आलेलं नव्हतं. नटाने कॅमेऱ्यासमोर खरंच गायचं आणि साथीदारांनी चौकटीबाहेर बसून वाजवायचं. गळा, पेटी, तबला सगळं फिल्मच्या कडेच्या एकाच ध्वनिपट्टीवर उमटायचं. डावं-उजवं वेगळं नाहीच. साथ मोठी झाली तर गाणं बुडालं, आणि नंतर दुरुस्त करायची सोय नाही. आमचं एका कानाचं रेकॉर्डिंग आम्ही तीनदा पुसलं होतं, ते आठवून जरा लाजच वाटली.

खरा घाव पुढे होता. 1940 मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. आक्षेप असा की पेटीचे स्वर ठरीव, त्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. आक्षेप अगदीच खोटा नाही. पण ज्या वाद्यावर एका माणसाने नाव कमावलं, त्यालाच रेडिओचं दार बंद झालं. 1955 मध्ये गोविंदराव गेले तेव्हाही बंदी होतीच, ती सैल झाली 1971 मध्ये. स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या 1958च्या सुमारास, म्हणजे तेही त्यांच्या पश्चातच. त्यांनी मागे ठेवलं ते चालींमध्ये आणि ‘माझा संगीत व्यासंग’, ‘माझा जीवनविहार’ या पुस्तकांमध्ये.

आता आमची वायर. पियानोच्या मागे दोन सॉकेट होते, ‘एल/मोनो’ आणि ‘आर’. आम्ही फक्त पहिल्यात वायर घातली होती. अशा वेळी पियानो दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून त्याच वायरीतून पाठवतो. ती ऑडिओ इंटरफेसच्या पहिल्या इनपुटला जोडलेली, आणि सॉफ्टवेअरच्या स्टिरिओ ट्रॅकमध्ये पहिला इनपुट म्हणजे डावा कान. उपाय साधा होता. शेजारच्या गिटारवाल्या दादाकडून दुसरी वायर आणली, ‘आर’मधून दुसऱ्या इनपुटला लावली. दोन्ही इनपुटची पातळी सारखी ठेवली. सगळ्यात जोरकस भाग वाजवून बघितला, लाल दिवा लागणार नाही इतपतच आवाज ठेवला. यूएसबीची वायर असताना हा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण बऱ्याच पियानोंमध्ये त्या वायरीतून आवाज जात नाही, कुठली पट्टी किती जोरात दाबली एवढाच निरोप जातो. त्याला मिडी म्हणतात.

या वेळी खर्जाचे स्वर डावीकडून आले, वरचे उजवीकडून, जणू आपणच पियानोसमोर बसलोय. बाहेर कुत्री भुंकत होती, किचनमध्ये कुकर शिट्ट्या मारत होता. मधे माइकच नसल्यामुळे त्यातलं काही रेकॉर्डिंगमध्ये आलं नाही.

बाराला दहा मिनिटं कमी असताना फाइल गेली. त्याआधी मित्राने तो रिकामा रकाना भरला. गोविंदराव टेंबे, कोल्हापूर. गाव कुणी विचारलं नव्हतं, तरी त्याने लिहिलं.