गिरणी कामगारांचा संपादक : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या मंडळाचे कार्यक्रम रविवारी असतात. नल्लकुंटा, बरकतपुरा, काचीगुडा या भागांतली आपली मराठी कुटुंबे सवडीने एकत्र येतात ती त्याच दिवशी. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी इंग्रजांच्या राज्यात आधीपासून होती. मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र ती 1890 साली मिळाली, आणि त्यामागे एका मराठी साप्ताहिकाच्या संपादकाची दहा वर्षांची मेहनत होती. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्यात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, माळी समाजातले. घरची परिस्थिती बेताचीच होती. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी नोकरी धरली. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात आणि पुढे मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून. ही शेवटची नोकरी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत कसे राबतात, पगार किती दिवस अडकवून ठेवला जातो, लहान मुले आणि बायका कोणत्या हालांत काम करतात, हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले.

याच काळात ते महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजात आले. हैदराबादकरांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट येथे सांगायला हवी. मुंबईत या समाजाला बळ देणाऱ्यांत तेलुगू भाषक कामाठी मंडळी आघाडीवर होती. रामय्या व्यंकय्या अय्यावारू हे त्यांतले एक प्रमुख नाव. मराठी आणि तेलुगू माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली, तेव्हा ही चळवळ मुंबईत रुजली.

कृष्णराव भालेकर यांनी 1877 साली पुण्यात ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक सुरू केले होते. पैशाअभावी ते बंद पडले. 1880 साली लोखंडे यांनी ते मुंबईत पुन्हा सुरू केले आणि त्यासाठी गिरणीची नोकरी सोडली. संसारी माणसाच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचाच होता. पण शेतकरी आणि कामगार यांची गाऱ्हाणी मांडणारे पत्र त्यांना बंद पडू द्यायचे नव्हते.

1881 साली पहिला कारखाना कायदा आला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांना, बायकांनासुद्धा, कामाच्या तासांचे कोणतेही संरक्षण मिळाले नाही. लोखंडे यांनी ही उणीव धरून ठेवली. 1884 साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा त्यांनी सप्टेंबरमध्ये परळ भागात कामगारांच्या सभा भरवल्या. सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या साध्या होत्या : दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि यंत्रात जायबंदी झालेल्याला भरपाई. याच चळवळीतून ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही कामगारांची संघटना उभी राहिली.

मालक सहजासहजी ऐकणारे नव्हते. तरी लोखंडे यांनी विषय सोडला नाही. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. खंडोबाचा वार पाळणाऱ्या कितीतरी कामगारांना तो दिवस अखेर घरी मिळाला. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती यांना आधार दिला, तसेच स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली.

लोखंडे यांचे लक्ष गिरण्यांपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी मुंबईतल्या नाभिकांना एकत्र आणले आणि हे काम आपण करणार नाही, असा निर्धार त्यांच्याकडून करवून घेतला. 1893 च्या हिंदू-मुसलमान दंग्यानंतर दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून ते झटले.

त्यांचे सगळेच निर्णय सर्वांना पटले असे नाही. फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चा सुरुवातीचा भाग ‘दीनबंधु’त छापून त्यांनी पुढचा भाग थांबवला, आणि फुले यांना त्याचा राग आला. सरकारचा रोष ओढवला तर पत्रच बुडेल, ही संपादकाची भीती आज समजू शकते. फुले यांचा रागही समजू शकतो. मतभेद झाले तरी लोखंडे यांनी सत्यशोधकांचे काम सोडले नाही.

सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. लोखंडे थांबले आणि रोग्यांसाठी इस्पितळ उभारण्याच्या कामाला लागले. त्याच प्लेगने 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्यांचा बळी घेतला. तेव्हा त्यांचे वय पन्नासही नव्हते. महिनाभरातच पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुलेही गेल्या.

2005 साली भारत सरकारने लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. आयुष्याच्या सुरुवातीला टपाल खात्यात नोकरी केलेल्या माणसाचा हा उचित गौरव म्हणायला हवा. येत्या रविवारी मुलांना घेऊन कार्यक्रमाला याल, तेव्हा वाटेत त्यांना या माणसाची गोष्ट जरूर सांगा.